जागच्या जागी

मागच्या हिवाळ्यात सासरे घाटाच्या वळणावर, दवाने ओल्या झालेल्या रस्त्यावर सायकलवरून घसरले. तेव्हापासून त्यांची सायकल आमच्या हॉलमध्ये स्टँडवर आवळून ठेवलेली आहे. मागचं चाक तेवढं फिरतं, पुढचं जागचं हलत नाही. "बाबा, आता उबेत बसून हवी तेवढी चालवा," नवरा म्हणाला आणि त्याने खिडकीसुद्धा घट्ट लावून घेतली.

बाबा रोज सकाळी कानटोपी घालून, भिंतीकडे तोंड करून तासभर पायडल मारतात. नंतर मी हँडल पुसते. त्यावरचा मीटर पुढच्या चाकावर चालतो, त्यामुळे वर्षभर आकडा एकच, ९२०६.

"टेकडीवरची टाकी जाऊन-येऊन चौदा किलोमीटर," बाबा एकदा घाम पुसत मला म्हणाले. "वर्ष झालं निघून, अजून सोफ्यापाशीच आहे बघ मी."

परवा रविवारी आम्ही दोघं बाजार करून दोन तासांनी परतलो. बाबा स्टँडवरच होते, शांतपणे पायडल मारत. खिडकी मात्र सताड उघडी. नवऱ्याने त्यांच्या गालाला हात लावला आणि तो भडकलाच.

"बर्फ झालाय नुसता. ही खिडकी कोणी उघडली?"

बाबा भिंतीकडेच बघत राहिले. मी सवयीने फडकं घेऊन हँडलपाशी गेले. मीटरवर ९२२० होते.

"मीच," मी म्हणाले. "जाताना उघडी ठेवली होती. आता दर रविवारी ठेवत जाईन म्हणते."