माथ्यावरचा सपाट दगड

"इथून खाली किती खोल आहे हो, मावशी?"

बेबीताईनं वळून पाहिलं. बाई दरडीच्या अगदी काठाशी उभी होती, मान वाकवून खाली बघत.

"लय खोल. पडलं त हाडं वेचा लागतीन. मांगं सरक पाहू."

बाई मागे सरकली, पण नजर खालीच होती.

मारेगावकडून स्कुटीवर ती एकटीच आली होती. नाव उर्वशी. इथं एकट्या माणसाला वर सोडत नाहीत, म्हणून गावच्या समितीनं नेमलेली वाटाडी बेबीताई सोबत निघाली. रविवारी कॉलेजची पोरं येतात, आरडाओरडा करतात, निघून जातात. बाकीचे दिवस बेबीताई पायथ्याच्या पळसाखाली एकटीच बसते. आज कोणी आलं म्हणून खरं तर ती खूश झाली होती.

जंगलातला हा सगळा डोंगर म्हणजे काळे दगडी खांब. सहा कडांचे, एकाला एक चिकटून उभे. काही ठिकाणी आडवे झालेले, सरपणाची मोळी सुटावी तसे. येणारा प्रत्येक जण आधी हात लावून बघतो, मग विचारतो, हे घडवले कोणी. उर्वशीनं काहीच विचारलं नाही.

"फोटो नाई काढत?"

"मोबाइल बंद केला."

"काहून? चार्जिंग गेलं?"

"नाही. कोणाचा फोन नाही पाह्यजे मले."

"बाप्पा! घरी कोणी नाई काय तुह्या?"

"सगळे आहेत," उर्वशी म्हणाली. कोणीच नाही असं सांगावं, त्या सुरात.

दोन खांबांमधल्या फटीतून अंग तिरपं करून जावं लागतं. तिथं उर्वशीची ओढणी दगडाला अडकली आणि खाली आली. कुर्त्यावर छातीशी ओला डाग होता. तिनं घाईनं ओढणी सारखी केली.

बेबीताई बाईमाणूस होती. तिला डाग कशाचा ते कळलं.

"लेकरू केवढं हाय?"

उर्वशी थांबली. दगडाला टेकली.

"मावशी, आज त्याचं नाव नका काढू. हात जोडतो."

लेकरू गेलं तरी आईचं दूध काही दिवस येत राहतं. एकटी बाई, बंद मोबाइल, आणि दरड किती खोल म्हणून विचारणं. आता पुढचं कोणी सांगायची गरज नव्हती. हिला जिवंत खाली न्यायचं, एवढं एकच बेबीताईनं मनात धरलं.

"चाल पोरी, इथूनच फिरू. ऊन तापलं."

"नाही. वर जायचं आहे."

माथ्यावर एक मोठा सपाट दगड आहे. पलीकडे सरळ कडा. खाली पानं झडलेला साग आणि मधूनच पेटलेले पळस. वाऱ्याशिवाय कशाचाही आवाज नव्हता.

"इथं कोणी येते काय?"

"आज कोण येते."

"आवाज दिला त खाली ऐकू जाते?"

खोटं बोलायचं बेबीताईला वेळेवर सुचलं नाही. "नाई जात," ती म्हणाली.

उर्वशीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. तिनं कानातले काढले. गळ्यातलं काढलं. रुमालात बांधून पुरचुंडी बेबीताईच्या हातात ठेवली.

"हे असू द्या तुमच्यापाशी. अन् तुम्ही जा खाली."

"मी नाई जात."

"जा ना, मावशी. मले एकटीले राहू द्या. घरात एकटी नाही राहू देत, इथं तरी राहू द्या." तिचे डोळे लाल होते, खोल गेलेले.

बेबीताईनं गेल्यासारखं केलं आणि ती पहिल्याच खांबाआड उभी राहिली. तिथून डोकावली. उर्वशीनं चपला काढल्या, जोडीनं बाजूला ठेवल्या. मग काठाकडे तोंड करून उभी राहिली. डोळे मिटले. एकदा झोकांडी गेली.

बेबीताई धावली. तिनं मनगट धरून असं ओढलं, की दोघी दगडावर आपटल्या.

"मी सोडत नाई तुले! काई झालं तरी सोडत नाई!"

"नका सोडू," उर्वशी पुटपुटली. मग तिनं बेबीताईच्या मांडीवर डोकं टाकलं. अंगात जीव नसल्यासारखी पडून राहिली.

बेबीताई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग बोलायला लागली, आणि थांबेना.

"ऐक पोरी. दुःख कोणाले नाई? माहा मालक गेला तवा पोरगी एवढीशी होती. एकटीनं वाढवली, शिकवली. आता पुण्याले राहते. दर रविवारी फोन करतो म्हणते, मी रविवारभर फोन हातातच धरून राहतो. येत नाई फोन. दिवस दिवस कोणासंग बोलाले नाई भेटत, त या खांबायसंग बोलतो मी. पोरं हासतात, बुढी येडी झाली म्हणतात." तिनं डोळे पुसले. "तुले म्हणून सांगतो, कोणाले नाई सांगतलं आजवर. मांगच्या उन्हाळ्यात याच दगडावर आलती मी. तुह्यासारखीच. इथंच उभी होती. कोणी हात धराले नव्हतं. कशी मांगं फिरली, माहं मले ठाऊक. पण फिरली. तूही फिरशीन. आयकून राह्यली ना, माय?"

उर्वशी कुशीवर वळली. डोळे न उघडताच तिनं बेबीताईचा पदर तोंडावर ओढून घेतला.

"मावशी, जरा हळू बोला ना," ती जड जिभेनं म्हणाली. "लेकरू रातभर रडते. ते झाल्यापासून आज पहिल्यांदा डोळा लागून राह्यला."