रडगाण्याची वेळ

गाणं शिकवणाऱ्या बाई मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झाल्यापासून दिवसभर कुढत असायच्या. समुपदेशक म्हणाला, "रडगाण्याला एक वेळ ठरवून द्या." बाईंनी ती रियाजासारखी ठरवली: संध्याकाळचा चहा झाला की.

श्रोता एकच, नवरा. पायांचं लाकूड होतं, हातातून कप सुटतो, वर लोक म्हणतात, "दिसता तर ठणठणीत!" या सगळ्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "हं." बाई बहिणीला सांगायच्या, "भिंतीला तरी कान असतात."

एकदा चहा झाला तरी बाई गप्पच.

"आज काही नाही हो. छान गेला दिवस."

"नक्की?"

"अगदी."

जन्मात कधी एक ओळही न गुणगुणलेल्या नवऱ्यानं खुर्ची पुढे ओढली, घसा खाकरला.

"मग आज मी गाऊ?"