हलका पाय

ठण्ण.

दुपारपासून गप्प असलेल्या घरात पितळी कुलूप चिमणीच्या हातातून निसटलं आणि थेट आजोबांच्या पायावर पडलं. आजोबांनी पेपरचं पान उलटलं.

"बाबा, लागलं का हो?" चिमणीची आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"कशाने?" त्यांनी खाली पाहिलं. कुलूप दिसल्यावर हसले. "लागायला आता मांस कुठे उरलंय?"

असेच होते ते. तीस वर्षं बस चालवली, पण कधी कण्हणं नाही की कुरकुर नाही. चालताना डावा पाय जरा मागे राहायचा. एवढी वर्षं सीटवर काढली की माणसाचं काही ना काही मागे राहतंच, असं म्हणून ते विषय मिटवायचे.

आज मात्र त्यांच्या जिवाला चैन नव्हतं. पेपर समोर होता आणि चष्मा टेबलावर. गाडी गॅरेजात खोलून पडली होती.

हे सगळं दादाने, म्हणजे तिच्या मोठ्या भावाने काढलं होतं. रविवारी तो गाडीत बाबांच्या शेजारी बसून गेला. बाबा प्रत्येक सिग्नलला गाडी बंद करत. त्यावरून ती त्यांना चिक्कू म्हणायची. हिरवा दिवा लागला, चावी फिरली, की गाडी एक छोटीशी उडी मारून निघायची. त्या उडीने दादाचा फोन खाली पडला. क्लच गेलाय, त्याने निकाल देऊन टाकला. नवा टाकायचा तर तिचा निम्मा पगार जाणार. त्यापेक्षा गाडीच विकावी, बाबांचंही वय झालं.

 ती सकाळी सातला घर सोडायची. चिमणीला शाळेत नेणारे आणि आणणारे आजोबाच. आणि किल्ली काढून घेतली तर बाबा खुर्चीत बसतील आणि उठणारच नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेवटी बहीण-भावात ठरलं की क्लच संपला असेल तर गाडी विकायची. नसेल तर दादाने पुन्हा हा विषय काढायचा नाही.

पाच वाजता ती गॅरेजात पोचली. मिस्त्रीकाकांनी काळ्या तव्यासारखी क्लचप्लेट दोन्ही हातांत धरली होती, जणू नुकतंच जन्मलेलं मूल.

"ताई, ही कोण चालवतं?"

"बाबा. दुसरं कुणीच नाही. किती खराब झालीय?"

त्यांनी प्लेट फडक्याने पुसली आणि उजेडात नेली. मग सांगू लागले. क्लच साधारण ऐंशी हजार ते लाखभर किलोमीटर टिकतो. गर्दीत अर्धा क्लच दाबून ठेवणारे चाळीस हजारांतच त्याचा कोळसा करतात. ही प्लेट त्यांनी स्वतःच बसवली होती, नऊ वर्षांपूर्वी. त्यानंतर गाडी नव्वद हजार पळाली.

"हिशोबाने ही आता संपायला हवी. आणि ही बघा. परवा बसवल्यासारखी आहे. मी फेरी मारली तेव्हा झटकासुद्धा आला नाही."

त्यांनी तिला गाडीत वाकून बघायला लावलं. डाव्या पायाने दाबायच्या क्लचच्या पेडलवरचं रबर त्याच वेळचं. त्यावरच्या रेघाही झिजल्या नव्हत्या. रेघांमध्ये बारीक धूळ होती.

"पाय ठेवतात की फूल?" काकांचा आवाज खाली आला होता. "आमचे उस्ताद सांगायचे, पूर्वी असे ड्रायव्हर होते की इंजिनाचा सूर ऐकून क्लचला हात, आपलं, पाय न लावता गिअर टाकायचे. मला ती थाप वाटायची. चाळीस वर्षं गाड्या खोलतोय, पण असा पाय पाहिला नाही. एकदा त्यांना घेऊन या. नुसतं शेजारी बसायचंय मला."

 लहानपणी बसच्या पहिल्या सीटवर बसून ती ज्या माणसाकडे बघत राहायची, तो अजून तसाच होता. तिने तिथूनच दादाला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, बरं बाई, चालवू दे.

गाडी जोडून घरी आणेपर्यंत दिवे लागले होते. तिने किल्ली बाबांच्या तळहातावर ठेवली.

"मिस्त्री म्हणाले, असा पाय जन्मात पाहिला नाही."

"पाय म्हणाला?" बाबांनी तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग मूठ मिटली. "उद्या चिमणीला मीच सोडतो."

ते आत गेले. चिमणी जमिनीवर मांडी घालून चित्र रंगवत होती. ही पोरगी घरात अखंड बडबडायची, पण आजोबांच्या गाडीत बसली की चिडीचूप. आजोबा गाडीचं गाणं ऐकतात, मध्ये बोलायचं नसतं, असं तिने आईलाही दटावलं होतं.

उठायला गेली आणि मटकन खाली बसली. "आई, माझा पाय झोपला!"

आई हसत खाली बसली. लेकीचं इवलंसं पाऊल मांडीवर घेऊन चोळू लागली. हळूहळू बोटं हलली.

"उठला," चिमणी म्हणाली. मग ती आत पाहत कुजबुजली, "माझा लगेच उठला. आजोबांचा डावा मी रोज गाडीत पेन्सिलीने टोचते, तरी उठत नाही. ते हाताने उचलून आत ठेवतात ना, तेव्हापण झोपलेलाच असतो. आई, तो कधी उठणार गं?"