सोलोची बादली

"ही भरलेली बादली कुणाची?" हँगरच्या दारात इन्स्ट्रक्टर सरांनी विचारलं.

"माझी. आज मी सोलो उडणार."

पहिल्यांदा एकटीनं विमान उडवून उतरवलं, की आमच्या फ्लाइंग क्लबात डोक्यावर बादलीभर पाणी ओततात. त्याशिवाय इथं कुणी स्वतःला पायलट म्हणवत नाही.

"तुझं विमान उतरत नाही, धावपट्टीवर दोरीच्या उड्या मारतं," सर म्हणाले. "बँकेच्या परीक्षा दे."

दुसऱ्या दिवशीही मी बादली भरून ठेवली. तिसऱ्याही. रोज सर शेजारी बसून उड्या मोजायचे, नाही म्हणायचे, आणि संध्याकाळी माळीकाका ते पाणी मिरच्यांच्या रोपांना घालायचे. दीड महिन्यात मिरच्या लागल्या. सर त्यांची भजी खाऊन, तोंड पुसून, पुन्हा नाहीच म्हणाले.

मग एके संध्याकाळी विमान एकही उडी न मारता टेकलं. सर पट्टा सोडून खाली उतरले. "जा एकटी. आणि विमान परत आण, ते क्लबाचं आहे."

मी एकटीनं चक्कर मारली आणि विमान आणलं, अगदी अलगद. हँगरपाशी सगळे रांगेत उभे होते. बादली मात्र रिकामी होती.

"रोजच्यासारखं मिरच्यांना घातलं," माळीकाका ओशाळून म्हणाले. "मला वाटलं, आजही नाहीच."

"राहू दे," सर म्हणाले. "कोरडीच पायलट झालीस."

दीड महिना रोज नळावरून भरलेली बादली मी उचलून आणली होती. मी हेडसेट पुन्हा कानांवर चढवला.

"काका, बादली भरा," मी म्हणाले. "मी अजून एक चक्कर मारून येते."