झाडलेली बाग

करवतीला तेल पाजून नवरा बागेत उतरला, तेव्हा ती पहिल्याच झाडाला पाठ लावून उभी होती.

"बाजूला हो," तो म्हणाला. "वाटणी झाल्यापासून नुसती फुलं. कोकोच्या फुलांचे काय हार करून विकायचे?"

फुलं होती, भरभरून होती. फांदीची वाट न बघता थेट खोडाच्या सालीतून फुटलेली, नखाएवढी. काल उमललेली आज गळून पडलेली. एकाचंही फळ झालेलं नाही.

दगडांच्या रांगेपलीकडे थोरल्या दिरांची बाग. सासऱ्यांनी एकाच हंगामात लावलेली झाडं, तीच माती, तेच पाणी. तिकडे मात्र खोडाखोडाला पिवळीजर्द फळं लटकलेली. दादाने चांगली बाजू लाटली, असं नवऱ्याच्या डोक्यात बसलं होतं. भावाशी बोलणं त्याने केव्हाच टाकलं होतं.

"आधी चहा तरी घ्या," ती म्हणाली. तो धुसफुसत घरात गेला. तेवढ्या वेळात ती रांग ओलांडून जाऊबाईंकडे धावली. निदान त्यांनी तरी त्याला समजवावं.

जाऊबाई फळं फोडत बसल्या होत्या. बिया टोपलीत, टरफलं पडतील तिथे. जुनी टरफलं काळी पडून कुजलेली, ओली पानं पायाखाली पचपचणारी. या पसाऱ्याची तिला लग्न होऊन आल्या दिवसापासून शिसारी. वाटणी झाली आणि तिने आधी खराटा हातात घेतला. तिच्या बागेत पान पडायची खोटी, की ते उचललंच.

"ये, बैस, जागा सापडेल तिथे," जाऊबाई म्हणाल्या. "तुझ्या बागेत यायचं तर बाई चपला बाहेर काढाव्या लागतात. माझं आपलं हे असं."

टेकायला जागा करावी म्हणून तिने एक कुजकं टरफल उचललं. खालून धुरासारखं काहीतरी वर आलं. धूर नव्हता. चिलटं होती, तिळाच्या निम्मी. तिने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. एक चिलट तरंगत खोडाकडे गेलं. फुलावर टेकलं, घुटमळलं, पाकळ्यांच्या आत शिरलं. बाहेर आलं तेव्हा त्याच्या पाठीवर परागाचे पांढुरके कण होते. ते घेऊन ते शेजारच्या झाडाच्या फुलात गेलं.

ती श्वास रोखून बघत राहिली. मधमाशी त्या फुलात मावली नसती. दुकानातलं चकचकीत कागदातलं चॉकलेट, वाढदिवस, काढलेले रुसवे, साऱ्या जगाची ती गोडी या एवढ्याशा पाठीवर बसून निघाली होती. माणसाने पहिला खराटा बांधला, त्याच्या कितीतरी आधीपासून हे येणं-जाणं चालू असणार. आणि यांचं घर कुठे, तर या टरफलांत. तेच घर ती रोज सकाळी झाडून काढत होती, वर पेटवूनही देत होती.

"काय गं, भूत बघितलंस?"

"जाऊबाई," ती कुजबुजली, पाळण्याजवळ बोलावं तशी. "तुमचा हा कचरा मला द्याल?"

जाऊबाई आधी हसल्या. मग तिचा चेहरा बघून उठल्या आणि टोपली रिकामी करायला लागल्या. "ने बाई. उभ्या जन्मात कुणी मागितला नव्हता."

चहा संपवून नवरा परत आला, तर दगडांची रांग मध्येच सरकवून वाट केलेली. त्याची बायको आणि त्याची वहिनी, दोघी काळी-ओली टरफलं झाडांच्या बुडाशी ओतत होत्या. लख्ख बागेचा उकिरडा झाला होता.

"अगं, वेड लागलं का तुला? हा काय पसारा?"

"हळू बोला," ती म्हणाली. "आणि ती करवत आत ठेवून या. पाहुणे यायचेत. त्यांना झाडलेलं घर चालत नाही."