हॅरिएटचं काय झालं

"अगं, मेली ती! पुलावरच, बर्फात," केतकी म्हणाली.

"काहीतरीच काय!" मृण्मयी बागेतल्या बाकावर सरसावून बसली. "कालच शेवट ऐकला मी. हॅरिएट त्या डॉक्टरशी लग्न करते."

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या जाडजूड कादंबऱ्या वाचनालयाच्या यंत्रावर ऐकायच्या आणि संध्याकाळी त्यांवरून कडाकडा भांडायचं, हा दोघींचा बारा वर्षांचा नेम होता. गुडघे, सुना, औषधं हे विषय बाकावर काढायचे नाहीत, असं ठरलेलं. भांडण बहुतेक वाचणाऱ्यावरून होई. केतकीला घोगऱ्या आवाजाचा म्हातारा आवडे. मृण्मयीची वाचणारी बाई वाईट बातमीआधी हलकेच श्वास घेई. या वेळी तिने तो घेतलाच नव्हता.

दोघी तरातरा वाचनालयात गेल्या.

"यंदापासून यंत्रातला वाचणारा ऐकणाऱ्याची नाडी बघून गोष्ट वळवतो, मावशी," ग्रंथपाल मृण्मयीला म्हणाला. "यांना रडायला आवडतं, तुम्हाला सोसत नाही. दोघींचंही बरोबर."

"पण मूळ पुस्तकात काय होतं?" केतकीने विचारलं.

"कागदी प्रती लगद्याला गेल्या. जुनी ध्वनिमुद्रणंही पुसली. आता ते कुणालाच ठाऊक नाही."

दुसऱ्या दिवशी दोघी बाकावर आल्या. नवी कादंबरी दोघींनीही सुरू केली होती, पण तिचं नाव कुणीच काढलं नाही.

"गुडघा कसा आहे गं तुझा?" शेवटी मृण्मयीने विचारलं.