चादरीखालचं पॅनल

एका दिव्यापुरतं सोलर पॅनल सईबाईंच्या यजमानांनी, पुरुषोत्तमरावांनी, हौसेनं गच्चीवर बसवलं होतं. ते वारल्यावरही नऊ वर्षं पॅनल तिथंच राहिलं. आता काच तडकली, तेव्हा भंगारात देण्याआधी ते उतरवायला सईबाईंनी चेन्नईतल्याच एग्मोरच्या गिरीधर वायरमनला बोलावलं.

"अक्का, एक चादर द्या," भर दुपारच्या उन्हात गिरीधर म्हणाला. "तोंड झाकल्याशिवाय वायर सोडवता येत नाही. उजेड दिसतोय तोवर ह्यात जीव असतो."

सईबाईंनी पांढरी चादर आणून दिली. त्यानं ती पॅनलवर घातली, चारी कोपरे खोचले आणि मीटर लावला.

"झालं ना?" दुसरीकडे बघत त्यांनी विचारलं.

"नाही अक्का, काटा हलतोय. धुगधुगी आहे अजून. घाई नको करायला."

सईबाईंनी वळून चादरीकडे पाहिलं.

नऊ वर्षांपूर्वी, बाहेर तिरडी बांधून तयार असताना, ह्यांच्या तोंडावरची चादर हललेली त्या एकट्यांनीच पाहिली होती. पंख्याचा वारा असेल, अशी मनाची समजूत घालून त्या गप्प बसल्या.

वीज तर त्या दिवशी सकाळपासूनच गेलेली होती.